चिचुंदरीची रांग

तळी आटली की बसायचं, आणि का बसायचं ते विचारायचं नाही.

निवेखोल गावात एके काळी हा नियम होता. कुणी केला आणि कुणासाठी केला, हेही विचारायची सोय नव्हती. आवडूला तो ती चालायला लागली तेव्हापासून सांगितला जात होता, आणि जितक्या वेळा सांगितला तितक्या वेळा तिनं ‘कित्याक?’ असं विचारलं होतं. उत्तर बहुतेक वेळा पाठीत मिळायचं.

पण आवडूची गोष्ट सांगण्याआधी जागा दाखवावी लागते. निवेखोलच्या बायकाही पाहुण्यांना आधी जागाच दाखवतात.

गावाच्या डोक्यावर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो आणि नजर जाईल तिथवर सावलीला झाड नाही. सड्याच्या मधोमध एक उथळ तळी. तळीच्या काठावर एक बसका, गुळगुळीत दगड, दोन्ही कुशींना फुगलेला, तोंड आभाळाकडे. ती बेडकी. तिथूनच लहान लहान दगडांची एक ओळ उतरणीला लागते. पुढचा दगड जरा मोठा, टोकाशी निमुळता, आणि बाकीचे त्याच्या मागे एकमेकांना चिकटून. ही ओळ जुन्या शिवेपलीकडे, कातळातल्या एका घळीच्या तोंडाशी जाऊन थांबते. ती चिचुंदरीची रांग. घळीच्या पोटात पाणी आहे. मनगटाएवढी बारीक धार आहे, पण ती कधी तुटलेली कुणी पाहिलेली नाही.

घळीत उतरताना वाट दाखवणारी बाई सांगते, ‘‘पुढच्याचो पदर धरा.’’ पाहुणे हसतात. पॅन्ट घातलेल्या मुली विचारतात, पदर नाही त्यांनी काय करायचं? ‘‘ओढणी धरा, पिशयेचो बंद धरा, काय व्हया ता धरा, पण धरा!’’ थोडं आत गेलं की उजेड संपतो, वाट वळते, आणि हसणंही संपतं.

दुसरी एक गोष्ट पाहायची तर वैशाखात यावं लागतं. त्या महिन्यात तळीवर देवाला गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा मानकरी, म्हणजे घाडी, एकेक ओळ म्हणतो आणि सारा गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून तिला हुंकार देतो. सगळीकडे असतं तसंच. फक्त एका ओळीनंतर कुणीच काही म्हणत नाही. मागे एक उत्साही पाहुणे होते. त्यांना वाटलं, लोक विसरले, आणि त्यांनी एकट्यानंच खणखणीत ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. गावातल्या सगळ्या बायका मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. बिचाऱ्यांनी नंतर प्रसादही घेतला नाही म्हणे.

त्या ओळीला हुंकार का नाही, त्याची ही गोष्ट.

निवेखोलचा मूळपुरुष घाटावरून कुटुंबकबिला घेऊन पळून आला होता, असं सांगतात. सड्यावर आला तेव्हा पाणी संपलं होतं, जनावरं पडली होती. त्याला दगडाच्या खळग्यात एक बेडकी बसलेली दिसली. ऊन असं, की दगडाला हात लागत नव्हता. आणि ही मात्र शांत, डोळे मिटून. त्याच वेळी एक चिचुंदरी त्याच्या पायांवरून चिक् चिक् करत धावत गेली. मूळपुरुषानं दोघींकडे पाहिलं आणि तो बेडकीशेजारी बसला. तिन्हीसांजेला वळीव कोसळला, खळगा भरला, त्याची तळी झाली. मग त्यानं शब्द दिला, म्हणे, की तळी आटेल तेव्हा आम्ही तुझ्यासारखे बसू, शीव ओलांडणार नाही, आणि जो ओलांडेल त्याच्या पाठोपाठ पाणीही गाव सोडून जाईल.

आणि चिचुंदरी? ती बसली नाही, म्हणून तिला पाणी मिळालं नाही, म्हणून ती अजून फिरते आणि म्हणूनच तिला वास मारतो, असं जुनी माणसं सांगायची. तिला पाणी मिळालं की नाही हे बघायला तिच्या मागे कोण गेलं होतं, असं आवडूनं एकदा विचारलं. त्या दिवशी तिला जेवण मिळालं नाही.

तेव्हापासून नियम चालत आला. तळीत चिखल उरला की शेवटचं पाणी घरोघरच्या रांजणांत भरायचं, शिवेवर करवंदीच्या काट्या टाकायच्या आणि बसायचं. कामाला जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हिंडायचं नाही. काही दिवसांत वळीव यायचा आणि म्हातारे एकमेकांकडे बघून माना हलवायचे. आपण बसलो म्हणून पाऊस आला, असं त्यांना मनापासून वाटायचं. खरं तर तो यायच्या वेळीच यायचा.

आवडू घाडी घराण्यातली. आईबाप लहानपणीच गेलेले, वाढवलं थोरल्या काकानं, सातू घाडीनं. गावचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. घरात काका, काकी, आवडूची वहिनी मथी आणि मथीचं तान्हं पोर, बाबलो. आवडूचा भाऊ गलबतावर कामाला गेलेला, पाऊस सुरू होण्याआधी परतणार होता. आवडू दिसायला काटकुळी, नाक लांब, पाय सतत कुठे ना कुठे निघालेले. लहानपणापासून सगळे तिला चिचुंदरच म्हणायचे. ती घरात आली की काकी नाकाला पदर लावून म्हणायची, ‘‘इली गो, वास इलो!’’

त्या वर्षी तळी चैत्रातच आटली. गाव बसला.

बसणं म्हणजे काय, ते आवडूला विचारावं. पहिले दिवस तिनं अंगणातच फेऱ्या मारल्या. मग काकीनं अंगण बंद केलं. मग ती ओटीवर या खांबापासून त्या खांबापर्यंत जाऊ लागली. ओटीवर शेजारपाजारच्या बायका भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेल्या असत.

‘‘आवडे, बस गो खाली,’’ काकी म्हणाली. ‘‘तुझ्या फिरण्यान माका घेरी येता.’’

‘‘माका बसान येता.’’

‘‘फिरान काय गावला तुका?’’

‘‘बसान तुमका काय गावला?’’

‘‘जीभ बग मेलेची!’’ शेजारची एक म्हातारी म्हणाली. ‘‘हिच्या घोवाक लग्नातसून हिच्या मागना धावचा लागताला.’’

बायका हसल्या. पण हसलं की घसा सुकायचा, म्हणून त्या लवकरच थांबल्या.

पाणी काकीच्या हातात होतं. करवंटीनं मोजून द्यायची. बाळंतीण म्हणून मथीला अर्धी करवंटी जास्त. मथी ती प्यायची आणि पोराला छातीशी धरायची. आधी बाबलो चोखताना गप्प व्हायचा. मग चोखता चोखता रडायला लागला. मग चोखायच्या आधीच रडू लागला. मथी कुणाला काही बोलली नाही. बेडकीसारखं सोसायचं, हे तिला सासरी आल्या दिवशीच शिकवलं होतं, आणि ती आवडूपेक्षा शहाणी मुलगी होती.

चैत्र संपला, वैशाख अर्धा गेला. आभाळात कापसाएवढाही ढग नाही.

एका दुपारी काकी काठी घेऊन उठली. ‘‘घरात चिचुंदर शिरलीहा. आयकलंस काय, चिक् चिक्?’’

आवडू कोपरे शोधायला लागली. लाकडांमागे बघितलं, रांजणामागे बघितलं. आवाज पडवीतून येत होता. ती पडवीत गेली आणि दारातच थांबली. मथी पोराला मांडीवर घेऊन बसली होती. आवाज बाबल्याचा होता. रडायलाही त्याच्यात जोर उरला नव्हता.

काकी मागून काठी घेऊन आली, तिनं पाहिलं, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

‘‘काकानू,’’ आवडू ओटीवर येऊन सातू घाडीला म्हणाली, ‘‘पोरगो मरतलो.’’

‘‘उद्या तळीवर गाऱ्हाणा घालतलंय.’’

‘‘गाऱ्हाण्यान दूध येता?’’

सातूनं डोळे मिटले. त्याला नातू नको होता असं नाही. रात्र रात्र तो जागा असायचा. पण त्याच्या आधीच्या घाड्यांनी जे केलं त्यापलीकडचं त्याला काहीच येत नव्हतं, आणि येत नाही हे कबूल करायची पद्धत त्या घरात नव्हती.

‘‘बस,’’ तो म्हणाला. ‘‘बेडकीकडसून शीक.’’

दुसऱ्या दिवशी उजाडत असताना आवडू परसात उभी होती. रात्रभर तिचे पाय स्वस्थ नव्हते. चुलीमागच्या भिंतीला एक भोक होतं. त्यातून आधी लांब नाक बाहेर आलं, मग चिचुंदरी. तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लानं तोंडात केस पकडून ठेवले होते. त्या पिल्लाच्या मागे दुसरं, दुसऱ्याच्या मागे तिसरं, सगळी तशीच पुढच्याला धरून. आई वळली की सगळी वळत. जणू एकच लांब प्राणी जमिनीवरून सरपटत होता. मध्येच शेवटचं पिल्लू सुटलं. त्यानं चिक् केलं. रांग जागच्या जागी थांबली. आई मागे फिरली नाही आणि पुढेही गेली नाही. पिल्लानं चाचपडत पुढच्याला धरलं, तेव्हाच ती निघाली.

आवडू त्यांच्या मागे गेली. रांग वाडीतून बाहेर पडली, सडा चढली, आटलेल्या तळीला वळसा घालून उतरणीला लागली. शिवेवर काट्या होत्या. चिचुंदरी काट्यांखालून गेली, एकामागे एक पिल्लंही गेली, आणि पलीकडे घळीच्या तोंडात दिसेनाशी झाली.

आवडू काट्यांशी थांबली. शिवेच्या दगडाला तिचा अंगठा लागला होता. ती कितीही बोलत असली तरी त्या दगडापलीकडे तिनं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. ओलांडलं आणि खरंच पाणी गावाला सोडून गेलं तर? मग तहानेच्या आधी तीच बाबल्याला मारणार.

ती संतापली. चिचुंदरीवर नाही, स्वतःच्या पायांवर. तशीच ती तळीकडे परतली आणि भेगाळलेल्या चिखलात बसून दोन्ही हातांनी उकरू लागली. बेडकीकडून शीक, म्हणाले होते ना? विचारूया तिलाच.

वरचा चिखल कौलासारखा कडक होता. त्याखाली मऊ माती लागली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना गार काहीतरी लागलं. तिनं माती अलगद बाजूला केली. बेडकी होती. अंगाभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ साल, डोळे झाकलेले, पाय पोटाशी. आवडूनं तिला तळहातावर घेतलं. मेली असेल असं वाटलं, इतक्यात गळ्याखालची कातडी एकदा हलली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

आवडूचा राग कुठल्या कुठे गेला. ती बेडकी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच जमत होतं. तहान तिला आत कुठेतरी गुंडाळून ठेवता येत होती. आवडूनं भोवतालची माती चाचपून बघितली. पिल्लू नव्हतं. असणार कसं? गेल्या पावसात हिनं अंडी पाण्यात सोडली असतील आणि ही मोकळी झाली असेल. तिची पोरं तिच्याकडे काही मागायला येत नव्हती. तिच्या अंगाला लुचत नव्हती.

आवडूनं बेडकी परत होती तशी ठेवली, वर मऊ माती लोटली, कडक पापुद्रा झाकणासारखा बसवला. मग ती उठली. हात चिखलाचे, गुडघे चिखलाचे. तेवढ्यात खालून गाव सड्यावर चढताना दिसला. गाऱ्हाण्याची वेळ झाली होती.

म्हातारी माणसं पुढे बसली. बायका मागे, पोरं मांडीवर. मथी सगळ्यांत कडेला. सातू घाडीनं बेडकीच्या दगडापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला.

‘‘बा देवा म्हाराजा, सड्याच्या धन्या, शिवेच्या राखणदारा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘तुझी लेकरा आज तळीच्या काठार हात जोडून बसलीहत रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘बापजाद्यांनी दिलेलो शब्द आमी मोडूक नाय, शीव वलांडूक नाय!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ घसे सुकलेले, तरी आवाज एक झाला. असं वर्षानुवर्षं म्हटलेलं तोंड आपोआप म्हणतं.

‘‘जशी बेडकी बसली, तशी आमी बसलव रे म्हाराजा!’’

‘‘नाय, म्हाराजा.’’

हुंकार ओठांवर आलेले सगळे तसेच राहिले. गाऱ्हाण्यात ‘नाय’ म्हणतात, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

‘‘कोण ता?’’ सातूनं मागे न बघता विचारलं. त्याला माहीत होतं.

‘‘मी.’’

‘‘चिचुंदर!’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘चिखलात लोळान इली बगा.’’

‘‘आवडे, गाऱ्हाण्यात मधी बोलूचा नसता.’’

‘‘मगे खय बोलाचा, काकानू? घरात बोललंय, तुमी डोळे मिटलात.’’

सातू वळला. ‘‘काय म्हणणा तुझा? लवकर सांग.’’

‘‘चिचुंदर पोरांक घेवन घळीत गेली. मी बघलंय. मीव जातलंय.’’

‘‘थय पाणी बघलंस?’’

आवडूला खोटं बोलता आलं असतं. गोष्ट सांगणाऱ्या बायका इथे हमखास थांबतात. त्या वेळी ती ‘होय’ म्हणाली असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

‘‘नाय,’’ ती म्हणाली. ‘‘पाणी बघूक नाय. तिका जाताना बघलंय.’’

पुढच्या म्हाताऱ्यांमध्ये हसू पसरलं. एक जण म्हणाला, ‘‘सातू, तुझ्या पुतणीन गुरू बरो केल्यान!’’

‘‘आणि बेडकी?’’ सातू हसला नव्हता. ‘‘ती बसली म्हणान हो गाव हा. ती खोटी?’’

‘‘बेडकी खोटी नाय. मी आता तिका हातात घेतलंय. जिती हा, आणि पाऊस येयसर जिती ऱ्हवतली. तिका बसाक जमता, काकानू.’’ आवडूचा आवाज चढला. ‘‘तिका पोर पाजूचा नसता!’’

तिनं कडेला बसलेल्या मथीकडे हात केला.

‘‘मथी वयनी पाजता. ही पाजता, ती पाजता. तुमका सगळ्यांका कोणीतरी पाजला म्हणान तुमी आज हय बसलास. चिचुंदर पाजता, म्हणान ती बसाक नाय. तिका दूध घालूचा हा, म्हणान ती फिरता. आमी कोणाच्यो, काकानू? बेडकीच्यो काय चिचुंदरीच्यो? मूळपुरुषान एकदा बघल्यान आणि एक निवडल्यान. त्याका पाजूचा नव्हता!’’

गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही, हाही एक नियम होता. सातूनं हात पुन्हा जोडले आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी हळू.

‘‘जशी बेडकी बसली, तशी आमी बसलव रे म्हाराजा.’’

तो हुंकाराची वाट बघत राहिला. बायका मांडीवरच्या पोरांकडे बघत होत्या. म्हातारे जमिनीकडे. ज्यानं गुरूचा विनोद केला होता तो काठीच्या टोकानं दगड खरवडत होता. बाबल्यानं चिक् केलं. तेवढाच आवाज.

आवडू शिवेकडे गेली. उघड्या हातांनी तिनं करवंदीच्या काट्या ओढून बाजूला फेकल्या. हातांतून रक्त आलं. मग तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला, त्याचं टोक मागे धरलं आणि ती उभी राहिली. मागे फिरली नाही, पुढेही गेली नाही. मथी बाबल्याला घेऊन उठली, म्हाताऱ्यांच्या मधून चालत गेली आणि तिनं ते टोक धरलं. मग तिचा पदर कुणीतरी धरला. मग तिचा कुणीतरी.

सातू घाडीचे हात अजून जोडलेलेच होते. म्हाताऱ्यांपैकी कुणी आडवं आलं नाही.

‘‘मग पाणी मिळालं?’’ असं पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच. वाट दाखवणारी बाई विचारणाऱ्याच्या ओल्या हातांकडे बघते. रांगेतले दगड चिचुंदरीचीच पिल्लं आहेत, असं काही जण म्हणतात. घळीतून परत येताना प्रत्येक बाईनं आपल्या पावलावर एकेक ठेवला, असं दुसरे म्हणतात. बाबलो पुढे गावचा घाडी झाला, एवढं मात्र सगळे सांगतात, आणि त्यानं ती ओळ गाऱ्हाण्यातून काढली नाही.

आजही वैशाखात घाडी बेडकीच्या दगडापुढे उभा राहतो. तिला नारळ देतो, तिचा मान तिला देतो, आणि म्हणतो, ‘‘जशी बेडकी बसली, तशी आमी बसलव रे म्हाराजा.’’ मग तो थांबतो. पुढे बसलेली म्हातारी माणसं माना खाली घालतात. कुणीही व्हय म्हणत नाही.